बाहुलीची टाच

ह्या अंकाचं संपादकीय वेगळ्याच विषयावर लिहायचं ठरलं होतं. मथळासुद्धा तयार होता. लिहायला बसलो आणि जमेना. कारण मधे भाची आली.

जुळे सोलापुरात माझी थोरली बहीण राहते. विजापूर रोडच्या अंगाला ज्या सोसायट्या उठल्यात, त्यांच्या मागं एक पत्र्याची खोली. ताई सकाळी चार घरची भांडी आणि दोन घरचा स्वयंपाक करते, दाजी यंत्रमागावर. मी न्हावाशेव्याकडं कंटेनर खाली करायच्या कामावर. महिना-दोन महिन्यांनी सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभ्यानं येतो. गेल्या खेपेला आलो तर भाची मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. सात वर्षांची. दुसरीत. मामा आला तरी मान वर नाही.

"काय करायलीस गं?"

"थांब की मामा, हिला सुंदर करायलेय."

मी वाकून बघितलं. पडद्यावर एक पोरगी. तोंडावर फोड, भुवया जाड, अंगानं जाडी, रंग सावळा, कपडे फाटके. म्हणजे आपल्या गल्लीतली कुठलीही. भाचीनं बोट फिरवलं, फोड गेले. बोट फिरवलं, रंग उडाला. ओठ फुगले. कंबर दोन्हीकडून चिमटून आत गेली, छाती वर आली. कपडे बदलले, आणि दर बदलाला कपडा कमी. शेवटी एक पोरगा आला, त्यानं हिला खालून वर बघितलं, आणि पडद्यावर बदाम फुटले. टाळ्या. तीन तारे. पुढची पोरगी.

मधेच जाहिरात. त्यात एक बाई बाळ घेऊन बर्फात कुडकुडतेय, नवऱ्यानं हाकललेली. तिला नटवा म्हणजे तो परत घेईल! जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक की माझ्या हमालाच्या बोटाला सापडेना. भाचीला बरोबर सापडली. तिला सराव आहे.

मग ती म्हणाली, "मामा, मी काळी हाय न्हवं? मला असं बोट फिरवून करता येतंय का?"

दोस्तहो, मी कवी म्हणवतो. स्टेजवर माइक फुटेस्तोवर ओरडतो. मला उत्तर आलं नाही. मी म्हणलं, "गप. झोप आता."

त्या "गप झोप"चं हे संपादकीय आहे.

खेळाचं नाव सांगत नाही. सांगून काय उपयोग? असले शेकडो आहेत. फुकट आहेत. आणि त्यांच्याखाली वय लिहिलेलं असतं : ३ अधिक. हे वय ठरवतं कोण माहितीय? खेळ बनवणाराच प्रश्नावली भरतो, रक्त आहे का, शिवी आहे का, जुगार आहे का, आणि त्याच्या उत्तरांवरून आकडा पडतो. पोरीची कंबर मुठीत मावेल एवढी केली का, असा प्रश्न कुणाला सुचत नाही. २०१४ च्या जानेवारीत अॅपल आणि गूगलच्या दुकानातनं एक खेळ काढून टाकावा लागला होता. त्यात जाड पोरीच्या अंगात सुई खुपसून चरबी ओढायची होती, आणि तो नऊ वर्षांपासूनच्या पोरांसाठी म्हणून ठेवलेला होता. लोक बोंबलले म्हणून निघाला. कुणी बोंबललं नसतं तर आजही असता.

खोलीत कोपऱ्यात एक बाहुली पडलेली. ताई जिथं काम करते तिथल्या बाईंनी दिलेली, त्यांच्या मुलीची जुनी. पिवळे केस, लांब मान, एक हात निखळलेला. मी उभी करून ठेवायला गेलो, पडली. परत ठेवली, परत पडली. मग बघितलं तर हिची टाचच जमिनीला टेकत नाही. पाऊलच असं घडवलंय की उंच टाचेच्या बुटाशिवाय उभं राहता येऊ नये. माझ्या आईची टाच आठवली, भेगा पडलेली, चार बोटं रुंद. त्या टाचेवर आमचं अख्खं घर उभं होतं.

ह्या बाहुलीची जातकुळी सांगतो, ऐका. १९५० च्या दशकात जर्मनीत 'बिल्ड' नावाच्या पेपरात लिली नावाच्या बाईचं व्यंगचित्र यायचं. पैसेवाल्या पुरुषांच्या मागं फिरणारी बाई, असा विनोद. १९५५ साली तिची बाहुली काढली. पोरांसाठी नाही, पुरुषांसाठी. सिगारेटच्या दुकानात मिळायची, मित्राला चेष्टा म्हणून भेट द्यायची. मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर बाईंनी युरोपात ती बघितली, अमेरिकेला नेली, आणि ९ मार्च १९५९ रोजी बार्बी म्हणून पोरींच्या हातात दिली. म्हणजे पुरुषाच्या खिशातली चेष्टा पोरीच्या पाळण्यात आली. १९६५ साली निघालेल्या एका बार्बीसोबत वजनकाटा होता, तो कायमचा ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोवर अडकवलेला. आणि बारीक होण्याचं पुस्तक होतं, त्यात सल्ला काय, तर खाऊ नका. उपासमार ही आपल्याकडं परिस्थिती होती, तिथं तिची फॅशन करून विकली. १९९२ ची बोलणारी बार्बी गणित अवघड असल्याची तक्रार करायची. हँडलरबाईंचं म्हणणं होतं की पोरीनं नेहमी बाळाचीच आई होऊन का खेळावं, मोठी बाई होऊन खेळू दे. म्हणणं खोटं नाही. पुढं ह्याच बार्बीला डॉक्टर केली, अंतराळात पाठवली, अलीकडं काहींच्या टाचा सपाट केल्या, रंग बदलले. कशामुळं? पोरींच्या आयांनी वर्षानुवर्षं कटकट केली म्हणून. ही कटकट लक्षात ठेवा.

आणि २०२० चा ऑगस्ट. हॅस्ब्रो कंपनीला 'ट्रोल्स' सिनेमातली पॉपी नावाची बाहुली बाजारातनं मागं घ्यावी लागली. कारण तिच्या दोन मांड्यांच्या मधे एक बटण होतं. दाबलं की ती दचकायची आणि खिदळायची. कंपनी म्हणाली, बाहुली बसली की आवाज यावा म्हणून ठेवलं. असेल. पण कारखान्यात चित्रं काढणारा, साचा करणारा, तपासणारा, खोक्यात भरणारा, एवढ्या माणसांच्या नजरेखालनं गेलं आणि एकालाही खटकलं नाही, हे जास्त भयानक आहे.

खेळण्यांची खोकी मी स्वतः उतरवलीत. हलकी असतात, हमालाला आवडतात. २०२० साली बाहेरच्या खेळण्यांवरचा कर २० टक्क्यांचा ६० केला, २०२३ ला ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचा छाप सक्तीचा. त्यात तपासतात काय? कडा टोकदार आहे का, तुकडा निघून पोराच्या घशात अडकेल का, लवकर पेट घेतं का, रंगात शिसं किती. चांगलंच आहे, शिसं वाईटच. पण बाहुलीच्या ओठाच्या रंगातलं शिसं मोजलं, तो ओठ सात वर्षांच्या पोरीच्या खेळण्याला कशाला, हे मोजायचं यंत्र आपल्या सरकारकडं नाही.

सरकारनं खेळ बंद केले नाहीत असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद केला. देशाच्या सुरक्षेसाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद केला. परत सुरक्षेसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. घरं बुडत होती, बरं झालं. २०२२ च्या जाहिरातींच्या नियमांत तर असंही लिहिलंय की पोरांसाठीच्या जाहिरातीनं त्यांना स्वतःच्या शरीराची लाज वाटता कामा नये. लिहिलंय. माझ्या भाचीच्या मोबाईलपर्यंत तो कागद पोचलेला नाही. देशाची माहिती जपली, बापाचा पैसा जपला, पोरगी ह्या यादीत कुठं बसते? १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या बाईची विटंबना झाली तेव्हा राजा ढाले यांनी 'साधने'त हिशेब मांडला होता. झेंड्याच्या अपमानाला ३०० रुपये दंड आणि दलित बाईचं पातळ फेडण्याला ५०. तो हिशेब वाचून कुणाकुणाच्या शेपटीला आग लागली ते जगजाहीर आहे. मला वाटतं त्या हिशेबाची वही अजून बंद झालेली नाही, फक्त रकाने बदललेत.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, काय राव, अत्याचार होतायत, खून पडतायत, आरक्षण जातंय, आणि तुम्ही बाहुलीवर चार पानं? हा तर सोसायटीतल्या आयांचा विषय.

नाही दोस्ता. हा विषय त्यांचा व्हायच्या आधी शेकडो वर्षं आपला होता.

लहान पोरीला बाईचं सोंग चढवून पुरुषापुढं उभं करायचं, हे मोबाईलनं शोधलेलं नाही. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी सोडली ती कितव्या वर्षी? सौंदत्तीच्या यल्लम्माला जोगतीण सोडली ती कितव्या वर्षी? पोरगी खेळायच्या वयाची, तिला हळद लावायची, गळ्यात दर्शन बांधायचं, देवाशी लगीन. देव दगडाचा. भोगायला गावचा पाटील. आणि त्या पोरी कुणाच्या होत्या? महाराच्या, मांगाच्या, होलाराच्या. ह्याच सोलापूर जिल्ह्यातला डॉ. किशोर शांताबाई काळे १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहून गेला, त्यात वाचा, पायात चाळ बांधलेल्या पोरीचा 'चिरा' कसा उतरवतात, बोली कशी लागते. शाळेत पहिला येणारी पोरगी असली तरी पायात चाळच. मोडनिंब इथनं लांब नाही. एसटीनं जाऊन या.

ह्याला उत्तर कुणी दिलं? पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला. आपल्या ह्या फाटक्या मासिकाचा तो पणजोबा. त्यात मुरळ्या सोडू नका म्हणून लिहीत राहिले, आणि १९०९ साली शिवूबाई नावाच्या मुरळीचं पत्रच छापलं. स्वतःच्या नावानं. मुरळी स्वतः बोलली, आणि पुढं तिचं रीतसर लग्न लागलं, उघड, लोकांसमक्ष. मग १६ जून १९३६. मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी जमल्या आणि बाबासाहेबांनी त्यांना हा धंदा सोडायला सांगितला, पोट मारावं लागलं तरी सोडा म्हणाले. कायदे १९३४ ला झाले, २००५ ला परत करावे लागले. एकाच गोष्टीला दोन कायदे लागतात म्हणजे पहिल्यानं काय केलं ते समजा.

तर आता काय झालंय? जे गावगाड्यानं आपल्या पोरींवर जात म्हणून लादलं, तेच कंपन्या सगळ्यांच्या पोरींना खेळ म्हणून विकतायत. आणि गंमत बघा! टीव्हीवर आठ वर्षांची पोरगी नऊवारी नेसून डोळा मारते, खालचा ओठ चावते, परीक्षक उभं राहून टाळ्या वाजवतात. आई प्रेक्षकांत रडते. टॅलेंट! त्यासाठी महिन्याला फी भरून क्लास लावलाय. तीच अदा मोडनिंबच्या पोरीनं केली तर नासकी, वाया गेलेली, भाड्यानं खोली मिळत नाही. अदा तीच, जात वेगळी. १८ जून २०१९ ला केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याला वाहिन्यांना लेखी कळवावं लागलं की नाचाच्या कार्यक्रमांत लहान पोरांना असं दाखवू नका. सल्ला. दंड नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००७ साली मोठा अहवाल काढला. पोरीला लहानपणापासून देह म्हणूनच बघितलं की ती स्वतःलाही तसंच बघायला लागते, खाणं सोडते, खचते, असं त्यात मांडलंय. त्यातला एक जुना प्रयोग माझ्या डोक्यातनं जात नाही. कॉलेजच्या पोरींना एकेकटं खोलीत बसवलं. काहींना स्वेटर घालायला दिला, काहींना पोहायचा तोकडा पोशाख. आणि गणितं सोडवायला दिली. खोलीत कुणी नाही. बघायला माणूस नाही. तरी पोहायच्या पोशाखातल्या पोरींची गणितं जास्त चुकली. पोरांवर असा फरक पडला नाही. म्हणजे बघणारा आत जाऊन बसला होता. दोस्तहो, आपल्याला हे कळायला अमेरिकेचा अहवाल नको. वर्गात मागं बसवलेलं पोर फळ्यावरचं का विसरतं, ते आपल्याला माहीत आहे. त्याच्याही आत कुणीतरी बसलेला असतो.

आणि हे नुसतं बघण्यावर थांबत नाही. २०१८ साली अमेरिकेत सात वर्षांची एक पोरगी रोब्लॉक्स खेळत होती. तोच, जो आपली पोरं खेळतात. खेळातल्या मैदानात तिच्या बाहुलीवर दोन पुरुष-बाहुल्यांनी बलात्कार केला. पोरगी आईला दाखवायला आली, आई, हे काय करतायत? आईनं पडद्याचे फोटो काढून जगासमोर ठेवले. कंपनीनं एका खेळाडूला हाकललं. ती पोरगीही सातच वर्षांची. माझी भाचीही.

एवढं सगळं ऐकून काही जण खूष होतील. संस्कृतीवाले. ते लगेच म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो, पोरींना झाका, मोबाईल काढून घ्या, लग्न लावून टाका. त्यांना सांगतो, सरका बाजूला. तुमच्यासाठी हे लिहिलेलं नाही. चिंध्यांच्या बाहुलीचे गोडवे मला सांगू नका. माझी आजी चिंध्यांचीच बाहुली खेळायची. बाहुला-बाहुलीचं लगीन लावायची. अकराव्या वर्षी तिचंच लावलं. बाहुली तिच्यासोबत सासरी गेली आणि सासूनं चुलीत घातली. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभरातल्या बावीस बायकांचं लगीन अठराच्या आत झालेलं निघालं. तेव्हा ही जुनी सोन्याची बाहुली तुमच्याजवळच ठेवा. आमचं भांडण पोरीच्या कपड्याशी नाही. कपड्याचा भाव ठरवणाऱ्याशी आहे.

मोबाईलशीही नाही. ह्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावला आणि २०२० चं जागतिक शिक्षक पारितोषिक घेतलं. तोच मोबाईल, तीच पोरगी. लॉकडाऊनमध्ये ताईनं हप्त्यावर फोन घेतला तो शाळेसाठी. शाळा परत भरली, फोन राहिला, आणि त्यातली शाळेची जागा ह्या खेळानं घेतली. ताई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी. मग पोरीला सांभाळतं कोण? तोच खेळ. फुकट पाळणाघर. तेव्हा आईला शिव्या द्यायच्या असतील तर आधी तिची भांडी घासायला जा.

आता आपल्याकडं येऊ. ही ओळ वाचून पान उलटू नका.

मी पब्जी खेळलोय. रात्रपाळी संपली की यार्डाच्या भिंतीला टेकून. खेळात पोरीचं सोंग घ्यायचो, कारण पळताना मागनं ती दिसायची. चौघे मिळून हसायचो. पगारातले पैसे घालून तिचे कपडे विकत घेतले, जास्त पैशाला कमी कपडा. मी! स्त्रीमुक्तीवर कविता वाचणारा मी. माझ्या त्या पैशानंच हा बाजार शिकला की काय खपतं. भाचीच्या खेळातली कंबर मी चिमटलीय, दुसऱ्या कुणी नाही.

आणि १४ एप्रिल? डीजेवर बाबासाहेबांचं एक गाणं झालं की दुसरं कुठलं लागतं? त्या गाण्यावर आपल्याच गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोरीला ट्रॉलीवर चढवून नाचवतो, मोबाईल वर करून शूटिंग काढतो, रात्री स्टेटसला टाकतो. खाली आपलेच पोट्टे काय लिहितात ते मी वाचलंय. मुरळीविरुद्ध ज्यांनी जन्म घातला त्यांच्या जयंतीत आपण पोरगी नाचवतो. १९३६ साली बाबासाहेबांना बायांपुढं बोलावं लागलं. आज ते असते तर पोरांची सभा घेतली असती असं मला वाटतं, आणि पहिल्या रांगेत मला बसवलं असतं.

तर काय करायचं? मोठा कार्यक्रम माझ्याकडं नाही. पुढच्या जयंतीची बैठक होईल तेव्हा गाण्यांची यादी पोरींनी करायची, एवढं मी आमच्या गल्लीत मांडणार आहे. मार खाल्ला तर पुढच्या अंकात कळवीन. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत खेळण्यांचे स्टॉल लागतात, तिथं उभं राहून आयांशी बोलायचं. आणि ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी ह्या ३ अधिकवाल्या खेळांखाली तक्रारी लिहायच्या, रोज, कटाळा येईस्तोवर. बाहुलीची टाच सपाट झाली ती कटकटीनं झाली.

आणखी एक. मी पुरुष आहे. हे सगळं मी बाहेरनं लिहिलंय. पुढच्या अंकात ही संपादकीयाची जागा मी घेणार नाही. दहा ते सोळा वयाच्या पोरींनो, तुम्ही लिहा. खेळात काय दिसतं, कोण काय मेसेज करतं, आरशात बघताना काय वाटतं. १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मातंग पोरीनं शाळेत निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती तुमच्याच वयाची होती. नाव नको असेल तर घालू नका. पत्र मासिकाच्या पत्त्यावर टाका, नाहीतर रविवारी वाचनालयात आणून द्या.

पहिलं पत्र आलेलं आहे. दोन ओळींचं, पेन्सिलीचं. "मामा तू सांगीतला नाहीस. काळी हाय तर काय होतय." मागच्या पानावर छापलंय. शुद्धलेखन सुधारलेलं नाही.

जय भीम.